पेत्र पंगतीतून सरकला तेव्हा

(जालना येथे उपवासकाळात दिलेले व्याख्यान, संपादित)

बंधुभगिनींनो, उपवासकाळात विरोधावर बोलायचं म्हटलं की आपल्याकडे दानिएल आणि सिंहांची गुहा ठरलेली. आज त्याला जरा विश्रांती देऊ. मला येशूचा शिष्य पेत्र याच्याबद्दल बोलायचंय.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, पाचवा अध्याय. यरुशलेमेत यहूदी पुढाऱ्यांची न्यायसभा भरलीय. येशूच्या नावाने शिकवू नका, अशी ताकीद आधीच मिळालेली. पेत्र तोंडावर सांगतो, आम्ही माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. प्रेषित मार खातात आणि आनंद करत बाहेर पडतात. हाच पेत्र पुढे यापोत शिमोन चांभाराच्या घरी मुक्काम ठोकतो, कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरात पाऊल टाकतो. सुंता न झालेल्यांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवलास कसा, म्हणून यरुशलेमेत जाब विचारतात, तेव्हाही डगमगत नाही.

आता पौल या प्रेषिताने लिहिलेलं गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय. अंत्युखिया शहरात परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर तो एका पंगतीला बसत होता. यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडून काही माणसं आली आणि पेत्र हळूच मागे सरकला. बेड्या नाहीत, फटके नाहीत. आली होती ती आपलीच माणसं. त्याचं बघून बाकीचे यहूदी सरकले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा वाहवत गेला. शेवटी पौलाला सर्वांदेखत बोलावं लागलं.

मराठवाड्यात हे कोणाला समजावून सांगावं लागू नये. बाहेरून त्रास झाला की आपण साक्ष देतो, प्रार्थनेला विनंती करतो. ते योग्यच आहे. पण सोयरीक जुळवताना आपल्याच मंडळीत ‘मूळचे कोण?’ असं विचारतात, तेव्हा किती जण तोंड उघडतात? माझ्या मते विश्वासूपणाची कसोटी तिथे जास्त कठीण आहे. न्यायसभेपुढे उभा राहणारा उद्या त्या लोकांच्या दारी जाणार नसतो. नातेवाइकांच्या दारी जावंच लागतं.

आपल्या जालन्याशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, त्या नारायण शेषाद्रींचंच बघा. देशस्थ ब्राह्मण. 1843मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता, पण मिशनऱ्यांच्या घरचं अन्न पोटात गेलं होतं, तेवढ्यावर जात गेली. प्रायश्चित्त देऊन पोराला परत घ्या म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले. असं घर मागे टाकून नारायणराव पुढे जालन्यात आले. निजामाच्या राज्यात, दिवाण सालारजंगांच्या काळात जमीन मिळाली आणि बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसली. तिथे ते ज्यांचे पाळक झाले, त्यांत मांग-महार कुटुंबं होती.

एक मात्र सांगायला हवं. झालेला प्रत्येक विरोध ख्रिस्तासाठीच झाला, असं नसतं. पेत्राचंच पहिलं पत्र, चौथा अध्याय: खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कोणी दुःख भोगू नये. ढवळाढवळ करणाऱ्याला त्याने खुन्याच्या रांगेत बसवलंय. उर्मट बोलून शिव्या खाल्ल्या, तर त्या आपल्या खात्यावर लिहाव्यात.

आणि अंत्युखियात पौल एवढं बोलला, त्यावर पेत्राने काय उत्तर दिलं? गलतीकरांस पत्रात ते नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात मात्र पौलाचा उल्लेख येतो, तो ‘आपला प्रिय बंधू’ असा.