दोरा गेला, घासल्याची खूण राहिली

नमस्कार मंडळी. आज मण्यांबद्दल बोलू, पण सोन्याच्या नाही हं, शंख-शिंपल्यांच्या, आणि तेही लाखभर वर्षांपूर्वीच्या. आता शंखाला भोक दिसलं की लगेच दागिना म्हणून मोकळं व्हायचं का? तर नाही. भोकं समुद्रातही पडतात. लाटांमध्ये वाळूवर घासून पडतात, आणि काही समुद्री गोगलगायी तर दुसऱ्याच्या शंखाला चक्क ड्रिल मारतात, आतलं मांस खायला. ते भोक इतकं गोल आणि सुबक असतं की वाटेल कुणा कारागिराचंच काम आहे, आणि माणसानं पाडलेलं मात्र बरेचदा वेडंवाकडं, कडा तुटलेलं. म्हणजे देखणं ते गोगलगायीचं आणि ओबडधोबड ते आपल्या पूर्वजांचं, घ्या आता!

मग ओळखायचं कसं, तर मायक्रोस्कोपखाली झीज बघायची. आराधी लोकांच्या गळ्यातली जुनी कवड्यांची माळ कधी हातात घेऊन बघा, जिथे दोरा फिरतो आणि जिथे कवडीला कवडी लागते तिथेच ती गुळगुळीत झालेली असते, बाकी ठिकाणी नाही. अगदी तेच इथे शोधतात.

दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्लोम्बोस नावाची गुहा आहे. तिथले 41 मणी पुरातत्त्वज्ञ ख्रिस्तोफर हेन्शिलवूड आणि त्यांच्या टीमनं 2004 साली जगापुढे आणले, वय साधारण 75 हजार वर्षं. मणी म्हणजे जेमतेम 1 सेंटीमीटरचे शंख, त्यामुळे खाऊन टाकलेले असतील म्हणावं तर एवढ्याशा जिवात खायला आहे काय? बरं, हा शंख राहतो खाडीच्या पाण्यात आणि अशी खाडी गुहेपासून सुमारे 20 किलोमीटर लांब, म्हणजे कुणीतरी मुद्दाम गोळा करून आणलेत. भोक शंखाच्या तोंडातून टोकदार हत्यार आत घालून पाडलेलं, काहींवर गेरूचे डाग, आणि घासल्याच्या खुणा बरोब्बर दोऱ्याच्या जागी. मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. 2013 मध्ये याच मण्यांवर परत काम झालं, तेव्हा कळलं की खालच्या, म्हणजे जुन्या थरांमधले शंख दोऱ्यात मोकळे लोंबायचे, चपट्या चकचकीत बाजू एकमेकींना टेकवून, आणि वरच्या थरांपर्यंत येता येता ते दोन-दोनच्या जोडीनं गाठ मारून बांधायला लागले, चकचकीत बाजू वर. आता याला फॅशन बदलली असं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? आणि हे कळलं कशावरून, तर निव्वळ झीज कुठे पडली त्यावरून, कारण दोरा तर केव्हाच कुजून गेलेला.

दोऱ्याचाच विषय निघालाय तर इस्रायलला चला. तिथल्या मिस्लिया गुहेत 1 लाख 60 हजार वर्षांपूर्वीचे किंवा त्याहून जुने शिंपले मिळालेत, सगळे बिनभोकाचे. कफ्झे गुहेतले सुमारे 1 लाख 20 हजार वर्षांपूर्वीचे शिंपले मात्र भोकाचे, पण भोक आपोआप पडलेलं, लोकांनी किनाऱ्यावरून नेमके तसलेच वेचून आणलेले. डॅनिएला बार-योसेफ मेयर आणि सहकाऱ्यांनी काय केलं, तसेच शिंपले आणून जवसाच्या दोऱ्यात ओवले, वाळूवर, दगडावर, चामड्यावर घासले आणि झीज जुळवून बघितली. जुळली. म्हणून ते म्हणतात की ओवायला दोरा वापरणं या दोन काळांच्या मधे कधीतरी सुरू झालं असावं. मधमाश्या पाळणं, शेती, मडकी, काही काही नव्हतं तेव्हा, पण दोरा होता.

मोरोक्कोत एस्सुइराजवळ बिझमून गुहेत तर 33 मणी सापडले, 2021 साली जाहीर झालं, वय 1 लाख 42 हजार वर्षांच्या पुढे. आणि सगळं काही नव्यानं खोदूनच मिळतं असंही नाही. इस्रायलच्या स्खुल गुहेतले दोन मणी 1930 च्या दशकात खणून काढलेले, लंडनच्या म्युझियममध्ये पडून होते, त्यांना चिकटलेली माती तपासून ते नक्की कुठल्या थरातले हे 2006 मध्ये ठरलं. सत्तरेक वर्षं ड्रॉवरमध्ये!

आपल्याकडचं म्हणाल तर जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे. तिथे एस. ए. साळींच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, आणि कवचाच्या एका तुकड्यावर आडव्या-उभ्या रेघांची नक्षी, साधारण 25 हजार वर्षांपूर्वीची. शंख नाही हा, पण गावापासून समुद्र किती लांब ते बघा, मग जे हाताशी होतं त्याचाच मणी झाला. शहामृग आणि भारतात, असं कुणी विचारेलच, तर भारतात सापडलेल्या अशा कवचातून डीएनए काढून 2017 मध्ये तेही पक्कं झालंय. पाटणादेवीच्या दर्शनाला जाणारे पुष्कळ असतील ऐकणाऱ्यांत, तर पुढच्या वेळी मंदिराबरोबर जवळच्या या पाटणे गावाचीही जरा चौकशी करा. नमस्कार.