तारखेबरोबर सरकणारी रेंज: कापूस खरेदीच्या शीटसाठी

मंडळी, वेचणी सुरू झाली की आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांत एक्सेलची एक शीट दिवसभर उघडी असते. ए स्तंभात तारीख, बी मध्ये शेतकऱ्याचं नाव, सी मध्ये क्विंटल, डी मध्ये भाव, ई मध्ये ओलावा. मागच्या आठवड्यात माल किती ओला आला, असं कोणी विचारलं की ऑपरेटर सूत्रात शिरून ई४१ चं ई९७ करतो. हे हातानं करायचं कामच नाही. तारखा दोन सेलमध्ये लिहाव्यात आणि रेंजनं, म्हणजे सूत्र वाचतं त्या सेलच्या पट्ट्यानं, त्या बघून स्वतः सरकावं.

ओलाव्याचंच उदाहरण घेऊ, कारण त्यावर पैसा अवलंबून आहे. सीसीआय, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळ, ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव देते, पुढे १२ पर्यंत कपात करते, त्यावर माल घेत नाही. दवात भिजलेली एखादी गाडी सरासरी वर ओढते, म्हणून इथे मीडियन, म्हणजे आकडे क्रमानं लावल्यावर मधला येणारा आकडा, बरा.

एच१ मध्ये 'पासून' आणि एच२ मध्ये 'पर्यंत' तारीख टाका. पहिल्या ओळीत शीर्षकं आहेत असं धरू. फंक्शनांची आणि स्तंभांची नावं, आकडेसुद्धा, शीटमध्ये रोमन लिपीतच टाकायचे.

एच३: =काउंटइफ(ए:ए,"<"&एच१)+२
एच४: =काउंटइफ(ए:ए,"<"&एच२+१)+१
एच५: =मीडियन(इंडेक्स(ई:ई,एच३):इंडेक्स(ई:ई,एच४))

एच३ म्हणजे पहिली ओळ, एच४ म्हणजे शेवटची. इंडेक्स सेलमधला नुसता आकडा देत नाही, सेलचा पत्ताही देतो; म्हणून दोन इंडेक्समध्ये कोलन (:) ठेवला की रेंज तयार होते. एच४ मध्ये 'एच२ पेक्षा लहान किंवा समान' न लिहिता एक दिवस वाढवला, कारण तारखेसोबत वेळ नोंदली गेली असेल तर शेवटच्या दिवसाच्या पावत्या सुटतात.

हेच इनडायरेक्टनं करता येतं, "ई"&एच३ असं जोडून. पण तिथे पत्ता हा नुसता मजकूर असतो. कोणी मध्ये स्तंभ घातला की ओलावा एफ मध्ये जातो आणि सूत्र ई मध्येच वाचत बसतं. ऑफसेटला तो दोष नाही. मात्र इनडायरेक्ट आणि ऑफसेट दोन्ही शीटमध्ये कुठेही काही बदललं तरी नव्यानं मोजले जातात. हजारो पावत्यांच्या शीटवर अशी सूत्रं शेकड्यानं असली की जुना संगणक अडखळतो. माझं मत स्पष्ट आहे: इंडेक्स वापरा.

आता धोका. त्या दोन तारखांत एकही पावती नसेल तर एच४ हा एच३ पेक्षा एकनं कमी येतो. अशा वेळी एक्सेल चूक दाखवत नाही. रेंज उलटी करून त्या दोन ओळींचाच मीडियन देतं. आकडा खरा वाटतो आणि सभेत वाचला जातो. म्हणून एच५ मधलं सूत्र असं गुंडाळा: =इफ(एच४<एच३,"पावती नाही",मीडियन(…)). ही अट टाळू नका.

दुसरी अडचण तारखांची. १२.११.२०२४ असं टिंबं देऊन लिहिलं तर आपल्या बहुतेक संगणकांवर ती तारीख न होता मजकूर राहते, आणि काउंटइफ ती मोजत नाही. मग त्याखालच्या सगळ्या ओळी एकेकीनं चुकतात. रिकाम्या स्तंभात =इजनंबर(ए२) लिहून खाली ओढा; जिथे फॉल्स दिसेल ती ओळ दुरुस्त करा. सगळा स्तंभच तसा असेल तर डेटा मेनूतल्या टेक्स्ट टू कॉलम्समध्ये तारीख निवडून क्रम दिवस-महिना-वर्ष ठेवा. तारखा चढत्या क्रमात असाव्यात, मध्ये रिकामी ओळ नसावी.

नुसती क्विंटलची बेरीज हवी असेल तर यातलं काहीच लागत नाही. समइफ्सला दोन तारखा द्या, क्रम बिघडला तरी ते चालतं. सरकती रेंज मीडियनसाठी आणि आलेखासाठी. आलेखाच्या मालिकेत रेंजचं सूत्र (मीडियन वगळून, इंडेक्स ते इंडेक्स एवढंच) थेट बसत नाही. फॉर्म्युला मेनूतल्या नेम मॅनेजरमध्ये त्याला नाव द्या, सेलच्या पत्त्यांना डॉलर चिन्हं लावा, आणि मालिकेत शीटचं नाव, उद्गारचिन्ह, मग ते नाव लिहा.