वाघूरच्या वळणावर : अजिंठ्यातील एक दिवस

[दृश्य : पहाटेचा रस्ता, बसच्या काचेतून]

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याची लेणी सुमारे शंभर किलोमीटरवर आहेत. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी; त्यामुळे मंगळवारी फिरायला निघालेल्या फ्रेंच पाहुण्यांच्या एका गटाचा पहिला दिवस आपोआपच अजिंठ्याच्या वाट्याला आला. निघण्याची वेळ मात्र आपोआप ठरली नाही. सहल कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत साडेआठ वाजता प्रस्थान असे लिहिलेले होते. गटाबरोबर असलेले परवानाधारक मार्गदर्शक सहा वाजताच निघायचे या म्हणण्यावर ठाम राहिले. आपण आता जे पाहणार आहोत त्यातील बरेचसे त्या अडीच तासांमुळेच चित्रित होऊ शकले.

[दृश्य : दरीचे संपूर्ण वळण, वरून]

बस घाट उतरून फर्दापूरच्या तिठ्याकडे जाण्याऐवजी घाटमाथ्यावरूनच लेणापूरच्या बाजूला वळली. लेणी नऊ वाजता उघडतात, तोवरचा वेळ या माथ्यावर घालवायचा, असा मार्गदर्शकांचा शिरस्ता आहे. समोर वाघूर नदीने बेसॉल्टच्या थरांतून कापत नेलेली, घोड्याच्या नालासारखी वळलेली दरी आहे. पलीकडच्या उभ्या कड्याच्या पोटात लेण्यांची रांग आहे आणि दरीच्या टोकाला, पावसाळा नुकताच सरला असल्याने, सातकुंडाचा धबधबा टप्प्याटप्प्याने खाली येताना दिसतो आहे.

येथून पाहणे केवळ छायाचित्रांसाठी आवश्यक नाही. खालून प्रवेश करणाऱ्याला प्रथम एक क्रमांकाचे लेणे लागते आणि साहजिकच तेच सर्वांत जुने असावे असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात क्रमांक केवळ रांगेतील जागा सांगतात. मार्गदर्शक माथ्यावरून बोट दाखवतात ते रांगेच्या मध्याकडे, नऊ आणि दहा क्रमांकाच्या चैत्यगृहांकडे, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहांकडे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकांत तेथून खोदकामाला सुरुवात झाली, मग काही शतके हातोडी थांबली, आणि पाचव्या शतकात वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात दोन्ही अंगांनी नवी लेणी उभी राहिली. सोळाव्या लेण्यातील शिलालेख त्याचा मंत्री वराहदेव याच्या दानाची नोंद करतो. आज सर्व लेण्यांना जोडणारी सलग वाट आहे. पूर्वी लेण्यांतून नदीपर्यंत स्वतंत्र पायऱ्या उतरत असत, हेही वरूनच नीट समजते. अजिंठ्याचे दर्शन या माथ्यावरून सुरू व्हायला हवे, असे आम्हालाही चित्रीकरणानंतर ठामपणे वाटते. घाईच्या सहलींत नेमका हाच थांबा प्रथम वगळला जातो.

२८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीसाठी आलेल्या जॉन स्मिथ या मद्रास घोडदळातील अधिकाऱ्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली. हा प्रसंग परदेशी पाहुण्यांना फार आवडतो आणि म्हणूनच मार्गदर्शक तो जपून सांगतात, कारण ‘शोध’ या शब्दात भोवतालच्या गावकऱ्यांचे अस्तित्वच पुसले जाते. सातव्या शतकातील चिनी प्रवासी ह्युएन त्संगच्या वृत्तांतात दरीतल्या अशाच एका विहाराचे, म्हणजे भिक्षूंच्या निवासाचे, आणि त्याच्या दाराशी असलेल्या दगडी हत्तींचे वर्णन आहे. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी कोरलेले हत्ती आपल्याला येथे दिसत आहेत. स्मिथने स्वतःचे नाव मात्र दहाव्या लेण्याच्या खांबावर, बुद्धाच्या रंगवलेल्या आकृतीवरच कोरून ठेवले. त्या वेळी आत मातीचा भराव साचलेला असल्याने ते नाव आज माणसाच्या डोक्याच्या वर राहिले आहे.

[दृश्य : पहिले लेणे, अंतर्भाग]

पायऱ्या उतरून, पूल ओलांडून गट पहिल्या लेण्यात येतो. आत आल्यावर मार्गदर्शक पाहुण्यांना काही क्षण नुसते उभे राहायला सांगतात, कारण बाहेरच्या उन्हाला सरावलेल्या डोळ्यांना मंद दिव्यांच्या उजेडात आरंभी काहीच दिसत नाही. नंतर ते एका खांबाच्या शिरोभागाकडे निर्देश करून तेथे किती हरणे आहेत, एवढेच विचारतात. चार हरणांची शरीरे आणि त्या सर्वांना पुरणारे एकच डोके आहे, हे उत्तर कोणीतरी स्वतः शोधल्याखेरीज ते पुढे सरकत नाहीत.

गाभाऱ्याच्या डाव्या अंगाला हातात निळे कमळ धरलेला बोधिसत्त्व पद्मपाणी आहे. हे चित्र ओल्या चुन्यावर काढलेले नाही. खडबडीत दगडावर आधी मातीचा गिलावा चढवला गेला, त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले होते. त्यावर अधिक बारीक मातीचा थर, मग चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग. पिवळा आणि तांबडा गेरूच्या जातीच्या मातीतून, काळा काजळीतून आणि हिरवा खनिज मातीतून मिळाला. निळा मात्र आजच्या अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा आहे. एका पाहुण्याने कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद आहे ना, हे दोनदा तपासून घेतलेले आपण पाहतो. गर्दीच्या श्वासातील दमटपणाही या गिलाव्याला बाधतो, म्हणून येथे फार वेळ थांबता येत नाही.

सव्विसाव्या लेण्यातील बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या, म्हणजे देहत्यागाच्या, शिल्पापर्यंत पोहोचेस्तोवर दुपार टळली होती. गटातील एका वयस्कर बाईंना डोलीवाल्यांनी तेथवर आणले.



[दृश्य : फर्दापूरचा तिठा, स्फटिकांची दुकाने]

वाहनतळाजवळच्या दुकानांत याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले स्फटिक विकायला मांडलेले असतात. खरेदी आटोपेपर्यंत मार्गदर्शक कंपनीच्या प्रतिनिधीशी फोनवर बोलत आहेत. वेरूळ सूर्योदयाला उघडते आणि कैलास लेण्यात गर्दीआधी पोहोचायचे, तर हॉटेलातील न्याहारी बांधून घ्यावी लागेल, एवढेच त्यांचे मागणे आहे. प्रतिनिधींनी संध्याकाळपर्यंत कळवतो, असे सांगितले.