डॉक्टर उपचार करणार की कोर्टाला अहवाल देणार? १९६२ ची मालिका ‘द इलेव्हन्थ अवर’

नमस्कार मंडळी. आज बोलूया ‘द इलेव्हन्थ अवर’ या अमेरिकन मालिकेबद्दल. ३ ऑक्टोबर १९६२ ला ती एनबीसीवर सुरू झाली. कृष्णधवल, बुधवारी रात्री तासभर, दोन सीझन, ६२ भाग. पहिल्या सीझनचा नायक डॉ. थिओडोर बॅसेट हा मानसोपचारतज्ज्ञ. पोलीस आणि तुरुंग खातं त्याचा सल्ला घेतात. भूमिका वेंडेल कोरीची.

दुसऱ्या सीझनमध्ये कोरी गेला आणि त्याच्या जागी राल्फ बेलामी आला. आता गंमत बघा. याच बेलामीने १९३९ मध्ये ‘ब्लाइंड ॲली’ या चित्रपटात गुन्हेगाराचं मन उलगडणारा प्राध्यापक केला होता. तुरुंगातून पळालेला खुनी प्राध्यापकाच्या घरात घुसतो, सगळ्यांना ओलीस धरतो. त्याला रोज एकच स्वप्न पडतं: धो धो पाऊस, हातातल्या छत्रीला भोक. प्राध्यापक रात्रभर त्याला बोलतं करतो, आणि लहानपणची गोष्ट वर येते. याच पोराने पोलिसांना बापाचा पत्ता दिलेला असतो. बाप टेबलावर कोसळतो, पोरगा टेबलाखाली लपलेला, आणि वरून रक्त ठिबकतंय. स्वप्नातला पाऊस म्हणजे ते रक्त. हे कळल्यावर त्या माणसाला बंदूक चालवताच येत नाही!

प्रसंग जबरदस्त आहे. पण मन असं एका रात्रीत बरं होत नाही, आणि बालपणीची एक जखम सापडली की खुनी माणूस निवळला, असंही होत नाही. ‘द इलेव्हन्थ अवर’ मला जास्त मोलाची वाटते, कारण तिने डॉक्टरला कोर्टाच्या दारात आणून उभं केलं. तिथे प्रश्न बरं करण्याचा नसतो. प्रश्न असतो: हा माणूस त्या क्षणी शुद्धीत होता का?

हा प्रश्न आला कुठून? १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटनने एडवर्ड ड्रमंडवर गोळी झाडली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव. मॅकनॉटन मनोरुग्ण म्हणून निर्दोष सुटला, केवढा गदारोळ झाला, आणि त्यातून नियम ठरला: आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हेच आजारामुळे कळत नसेल, तर गुन्हा धरायचा नाही. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हाच निकष होता. आपल्याकडे तोच भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये आला, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. म्हणजे ही मालिका बघताना आपण आपल्याही कोर्टातला प्रश्न बघत असतो.

खरी अडचण पुढे आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरने रुग्णाचं गुपित जपायचं असतं. कोर्टाने नेमलेल्या डॉक्टरने तेच अहवालात लिहायचं असतं. दोन्ही कामं एकाच माणसाने करू नयेत, असं मला ठामपणे वाटतं, आणि या क्षेत्रातले बरेच जाणकारही तेच सांगतात. आरोपी मन मोकळं करतो ते डॉक्टर आपल्या बाजूचा आहे या भरवशावर.

म्हणून जुने भाग हाती लागले, तर एका गोष्टीवर लक्ष ठेवा: पहिला प्रश्न विचारण्याआधी डॉक्टर आरोपीला सांगतो का, की तू जे बोलशील ते कोर्टात जाणार आहे?