फौजेतला मेडिकल इक्विपमेंट टेक्निशियन गावी परतला. आता विदर्भात काम कुठं आहे?

राम राम मंडळी!

फौजेत पेशंट मॉनिटर, डिफिब्रिलेटर, ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करायची मशीन), सक्शन मशीन उघडून दुरुस्त केलेला माणूस डिस्चार्ज बुक घेऊन दर्यापूरला, वणीला, मेहकरला परत येतो. आणि पहिल्या महिन्यात त्याला सल्ला मिळतो, "सिक्युरिटीत लागून जा भाऊ." आजचा व्हिडिओ त्या सल्ल्याच्या विरोधात आहे.

आधी एक गंमत. फौजेत एएमसी म्हणजे आर्मी मेडिकल कोअर. बाहेर एएमसी म्हणजे ॲन्युअल मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट, आणि तुमची पुढची रोजीरोटी बहुतेक याच दुसऱ्या एएमसीवर चालणार आहे.

पहिलं काम कागदाचं. तुमच्या फौजी कोर्सचं नाव बाहेरच्या एचआरला कळत नाही. म्हणून बायोडेटात "ट्रेड, क्लास वन" लिहून थांबू नका. कोणती मशीन, किती वर्षं, नुसती साफसफाई केली की बोर्ड लेव्हलचं काम, कॅलिब्रेशन (मशीनचं माप बरोबर आहे का याची तपासणी) कशावर केलं, हे लिहा. आणि एक गैरसमज इथंच मोडतो. दहावी पास आणि १५ वर्षं सेवा असली की गट क मधल्या पदवीच्या जागेला माजी सैनिक चालतो, हे केंद्राच्या नोकरीत खरं आहे. पण जिथं तांत्रिक पात्रता मागितली आहे तिथं ही सवलत लागू होत नाही. बायोमेडिकलच्या, म्हणजे दवाखान्यातल्या मशीनच्या कामाच्या, जागेला डिप्लोमा मागितला असेल तर डिप्लोमाच लागतो. वय हातात असेल तर आयटीआय किंवा बारावी सायन्सच्या जोरावर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स मिळालं तर उत्तम, साधं इलेक्ट्रॉनिक्स मिळालं तरी चालतं. आयटीआयमध्ये टेक्निशियन मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स हा दोन वर्षांचा ट्रेडही आहे. जे अजून सेवेत आहेत त्यांनी डीजीआरचे, म्हणजे केंद्राच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे, कोर्स निवृत्तीच्या आधीच बघावेत. घरी आल्यावर हळहळून उपयोग नाही. आणि गावी आल्या आल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा.

सरकारी नोकरीचं थोडक्यात. राज्याच्या गट क आणि ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक जात प्रवर्गाच्या आत धरलं जाणारं) आहे, वयात सेवेची वर्षं अधिक तीन अशी सूट आहे. जाहिरात नीट वाचा. ईसीजी तंत्रज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ ही पदं मशीन चालवणाऱ्याची आहेत, दुरुस्त करणाऱ्याची नाहीत, आणि त्यांची पात्रता वेगळी असते. २०२४ मध्ये अमरावती, बुलढाणा, वाशीम, भंडारा, गडचिरोली इथं नवी सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली. आधीची नागपूर, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियाची आहेतच. सेवाग्राम, सावंगी आणि नागपूरचं एम्स वेगळं. एवढ्या ठिकाणी मशीन आहे म्हणजे मशीन बंदही पडणार आहे.

पण सरकारी दवाखान्यातली दुरुस्ती बरीचशी ठेक्यावर चालते. २०१५ पासून राष्ट्रीय आरोग्य अभियानात बायोमेडिकल देखभालीचा कार्यक्रम आहे. त्यात ठेकेदाराला मशीन चालू राहण्याची हमी द्यावी लागते: जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के वेळ, ग्रामीण रुग्णालयात ९०, प्राथमिक आरोग्य केंद्रात ८०. मशीन बंद राहिली की दंड. म्हणून ठेकेदाराला असा माणूस लागतो जो धारणीहून चिखलदऱ्याला, नाहीतर आलापल्लीहून भामरागडला जायला कुरकुर करत नाही. फौजी माणसाला हे सांगावं लागत नाही. पगार मोठा नसतो, पण दोन वर्षांत जिल्ह्यातली प्रत्येक मशीन, प्रत्येक स्टोअरकीपर आणि प्रत्येक डॉक्टरसाहेब ओळखीचे होतात. माझं मत विचाराल तर धंदा टाकण्याआधी ही दोन वर्षं काढाच. नागपुरात एखाद्या कंपनीचे फील्ड सर्व्हिस इंजिनिअर म्हणून काढली तरी चालतील.

आता धंदा. तालुक्याच्या ठिकाणी १० ते ३० खाटांची नर्सिंग होम असतात. त्यांच्या मशीनसाठी माणूस नागपूरहून येतो आणि येण्याजाण्याचं भाडंच दुरुस्तीपेक्षा जास्त होतं. तुमची जागा तिथं आहे.

(टेबलावर तीन पिनांचा सॉकेट, मल्टिमीटर)

हे बघा. मे महिना, डॉक्टरचा फोन, "ईसीजीत नुसती जाड रेघ येते, मशीन बदलायची का?" मशीनला हात लावायच्या आधी मीटर सॉकेटला लावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० आलं, ठीक. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच यायला पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. इथं फेज-अर्थ १६० आणि न्यूट्रल-अर्थ ७० आलं, तर दोष मशीनमध्ये नाही, अंगणात आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळते, भेगा पडतात, अर्थिंगची पट्टी मातीपासून सुटते. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडा, जोड घासून आवळा, पुन्हा मोजा. मग मशीनचा स्वतःचा अर्थ बघा: प्लगच्या अर्थ पिनपासून धातूच्या बॉडीपर्यंत, वायरसकट, ०.३ ओहमच्या आत. मेडिकल मशीनच्या सुरक्षा तपासणीचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६२३५३, त्यातली ही मर्यादा आहे, पण एवढा कमी रोध मोजायला साधा मल्टिमीटर पुरत नाही, सेफ्टी ॲनालायझर (मशीनची विजेची सुरक्षा तपासणारं यंत्र) लागतो.

दुसरं नेहमीचं काम ऑटोक्लेव्हचं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याचा भाग, इथं बोअरचं पाणी हीटरवर पांढरा थर धरतं. थरामुळं उष्णता पाण्यात जात नाही, एलिमेंट आतून तापून जळतं. नवं एलिमेंट टाकून पैसे घेऊन निघून आलात तर थोड्या महिन्यांत तेच एलिमेंट पुन्हा जाणार आणि नाव तुमचं खराब होणार. आरओचं पाणी भरायला सांगा, ते सर्व्हिस रिपोर्टवर लिहा. आणि गेज १५ पौंड दाखवतो म्हणून आत १२१ अंश आहेतच असं समजू नका. हवा अडकली की दाब भरतो, तापमान भरत नाही. वाफेची सलग धार येईपर्यंत व्हेंट उघडा ठेवायचा, मग बंद. सेफ्टी व्हॉल्व्ह क्षाराने चिकटला असेल तर बदला. ठोकून चालवायचा नाही.

तिसरं, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. कोविडमध्ये आले आणि कोपऱ्यात पडले. आतला झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे) हवेतला ओलावा धरतो, त्यामुळं पडून राहिलेली मशीन सुरू होते, आवाज करते, पण ऑक्सिजन कमी देते. १५-२० मिनिटं चालवून मिनिटाला पाच लिटरवर ऑक्सिजन ॲनालायझर लावा: ९० ते ९६ टक्के पाहिजे. त्याच्या खाली असेल तर आधी फिल्टर, मग गळती, मग व्हॉल्व्ह, सगळ्यात शेवटी सिव्ह बेड (झिओलाइट भरलेली नळकांडी), कारण तोच महाग. जिनिंगच्या जवळच्या दवाखान्यात फिल्टरवर कापसाचं अक्षरशः पांघरूण सापडतं. आणि यातल्या बहुतेक मशीन ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेल्या असतात. आपल्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवल्या की थर्मल ट्रिप होणारच, म्हणजे तापून आपोआप बंद पडणारच.

सुरुवातीची हत्यारं: कॅट थ्री सुरक्षा दर्जाचा ट्रू आरएमएस मल्टिमीटर, ऑक्सिजन ॲनालायझर, ईसीजी-एसपीओटू सिम्युलेटर (मॉनिटर तपासायला पेशंटसारखे ईसीजीचे आणि रक्तातल्या ऑक्सिजनचे सिग्नल देणारा), प्रमाणित प्रेशर गेज. बीपी मॉनिटर तपासायला ५०० मिलीची कडक डबी, टी-जोड आणि हे गेज एवढं पुरतं. फरक ३ मिलिमीटरच्या आत, गळती मिनिटाला ६ च्या आत. सेफ्टी ॲनालायझर महाग आहे. पहिल्या वर्षी भाड्याने आणा, कामं जमवून दोन दिवसांत उरका. गेज आणि ॲनालायझर दर वर्षी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबमधून कॅलिब्रेट करून घ्या, नाहीतर एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, तपासणीत तुमचा रिपोर्ट कुणी धरत नाही.

आता कशाला हात लावायचा नाही. एक्स-रेची सर्व्हिस एईआरबीने, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाने, अधिकृत केलेल्या एजन्सीनेच करायची असते, तो अर्ज त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर होतो. फौजेत ट्यूब बदलली होती हे कारण इथं चालत नाही. त्याहून धोक्याची सोनोग्राफी. जुनी मशीन "एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडं देऊन टाक, कमिशन घे" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यात नोंदणी नसलेल्या ठिकाणी मशीन विकणं, भाड्याने देणं, वापरायला देणं, सगळाच गुन्हा आहे. एसपीओटू प्रोब, कफ, लीड विकायची असतील तर एफडीएकडून, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून, मेडिकल डिव्हाइस विक्रीची एमडी-४२ नोंदणी घ्या. त्यासाठी पदवीधर किंवा फार्मासिस्ट माणूस लागतो. बारावी असेल तर मेडिकल डिव्हाइस विक्रीचा एक वर्षाचा अनुभव.

पैशाचं. पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. माजी सैनिक विशेष गटात येतो, म्हणजे ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचे पाचच टक्के. शहराचा पत्ता दिला तर अनुदान २५ वर येतं, म्हणून दुकान गावात दाखवणार असाल तर खरोखर गावातच ठेवा, तपासणी होते. कॉन्ट्रॅक्ट देताना फक्त मजुरीचं एएमसी द्या. सुट्या भागांसकटचं सीएमसी पहिली दोन वर्षं घेऊ नका. एका व्हेंटिलेटरचा एक बोर्ड वर्षभराची कमाई खाऊन टाकतो.

प्रत्येक भेटीचा रिपोर्ट दोन प्रतींत करा: मॉडेल, सिरीयल नंबर, आधीचं रीडिंग, नंतरचं रीडिंग, बदललेला भाग, सही-शिक्का. अर्थिंगचं रीडिंग मे महिन्यातच घेऊन ठेवा. जूनमध्ये पाऊस पडला की खड्डा ओला होतो, ईसीजीची रेघ आपोआप बारीक होते, आणि डॉक्टरसाहेब म्हणतात, "काही नव्हतं हो, बिल कशाचं?" तेव्हा मे महिन्यातला ७० व्होल्टचा कागद समोर ठेवायला हाताशी असला पाहिजे.