चारशे शेकेलचं खरेदीखत

मंडळी, गावच्या जमिनीपायी तलाठ्याकडे हेलपाटे घातलेले इथे बरेच जण बसले आहेत. तेव्हा वचनदत्त भूमीवर बोलताना मी थेट एका खरेदीखतालाच हात घालतो.

बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात देव अब्राहामाच्या वंशजांना मिसरच्या नदीपासून फरात नदीपर्यंतचा मुलूख देऊ करतो. 23व्या अध्यायात त्याची बायको सारा वारते, आणि तिला पुरायला या माणसापाशी हातभर जागा नसते. हेब्रोनच्या वेशीत हित्ती लोकांपुढे वाकून तो म्हणतो, मी तुमच्यात उपराच, थडग्यापुरती जागा विकत द्या. जागेचा मालक एफ्रोन आधी म्हणतो, अहो, अशीच घ्या! मग हळूच, चारशे शेकेल म्हणजे तुमच्या-माझ्यात काय मोठंसं? दलाली बोली ओळखीची वाटते ना? शेकेल हे चांदी तोलायचं वजन, साधारण 11 ग्रॅमचं. म्हणजे साडेचार किलोच्या आसपास चांदी. पुढे यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथचं शेत घेतलं ते 17 शेकेलला! अब्राहामाने घासाघीस केली नाही, साक्षीदारांसमोर चांदी तोलून दिली. शेत, गुहा, हद्दीतली झाडं, सगळं नावावर झालं. आपल्या जुन्या सनदांतलं ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण’ आठवावं इतकं चोख.

या व्यवहाराला बायबलबाहेर पुरावा नाही. इस्राएल हे नाव इ. स. पू. 1208च्या सुमारास मिसरचा राजा, फारो मेर्नेप्ताह, याच्या शिलालेखात येतं, तेही ‘त्यांचं बी उरलं नाही’ अशा फुशारकीत.

पण दावा सांगणारा पुराव्यासाठी थांबतो कुठे! ज्यू म्हणतात, वचन इसहाकाच्या वंशाला. अरब आपला वंश इश्माएलपासून सांगतात, तोही अब्राहामाचाच मुलगा. पॅलेस्टिनी शेतकऱ्याचं म्हणणं तर ग्रंथावर अडतच नाही; आजोबा-पणजोबांनी लावलेली जैतुनाची झाडं तो दाखवतो. आणि बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देवच इस्राएलला बजावतो, सेईरचा डोंगर इसहाकाच्याच दुसऱ्या मुलाला, एसावाला दिलाय, तिथली पाऊलभर जमीनही तुम्हाला मिळायची नाही. भाषणांत हा अध्याय सहसा कुणी काढत नाही.

हेब्रोनच्या त्या गुहेवर आज दोन हजार वर्षांपूर्वीच्या हेरोद राजाच्या काळातल्या भिंती आहेत, आत मशीद आणि सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. 1967पर्यंत कित्येक शतकं ज्यूंना बाहेरच्या सातव्या पायरीच्या वर जाता येत नव्हतं. 1929 साली याच गावात 67 ज्यू मारले गेले. 1994 साली एका ज्यू वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या 29 जणांना गोळ्या घातल्या. त्यानंतर इमारतीची वाटणी झाली. वर्षातले दहा दिवस सगळी ज्यूंकडे, दहा दिवस सगळी मुसलमानांकडे. एरवी अब्राहामाचं थडगं मधोमध असतं, आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या जाळीतून त्याच्याकडेच बघत असतात.