रात्री ११ च्या बातम्या

नमस्कार, श्रोतेहो.

सांगलीत आमच्या घरी दूरदर्शनवर सातच्या बातम्या सुरू झाल्या की आई कुकर लावायची. घड्याळ बंद पडलेलं असलं तरी चालायचं, बातम्यांवर सगळं ठरलेलं. लग्नानंतर १९९२ मध्ये मी अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात राहायला गेले. हे मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. दिवसभर घरात मी एकटी. त्या परक्या शहराची ओळख मला करून दिली ती टीव्हीवरच्या रात्री ११ च्या स्थानिक बातम्यांनी. चॅनेल नंबर दोन. कुठला रस्ता बंद आहे, उद्या बर्फ किती पडणार, महापौर काय म्हणाले, कुठल्या कारखान्यात कामगार कपात आहे. इंग्रजी कानाला बसली ती तिथेच. 'एट माइल रोड' हा नुसता रस्ता नाही, गोऱ्यांची वस्ती आणि काळ्यांची वस्ती यांच्यामधली ती रेघ आहे, हेही त्या बातम्या रोज ऐकून हळूहळू उमजलं.

पुढचं सांगण्याआधी तिकडची व्यवस्था सांगायला हवी. अमेरिकेत गावोगावच्या टीव्ही केंद्राचा मालक बऱ्याचदा वेगळा असतो आणि त्याला मालिका, सामने, देशाच्या बातम्या पुरवणारं मोठं नेटवर्क वेगळं असतं. दोघांत करार होतो. स्थानिक बातम्या मात्र केंद्राने स्वतः करायच्या. आमचा दोन नंबर, म्हणजे डब्ल्यूजेबीके, १९४८ पासून सीबीएस या नेटवर्कशी बांधलेला होता. ४६ वर्षांची सोयरीक म्हणा ना.

ती तुटली फुटबॉलमुळे. म्हणजे अमेरिकी फुटबॉल, ज्यात चेंडू हातात धरून पळतात. डिसेंबर १९९३ मध्ये फॉक्स या तेव्हा नव्या असलेल्या नेटवर्कने त्या सामन्यांचे हक्क १.५८ अब्ज डॉलरला घेतले आणि १९५६ पासून ते दाखवणाऱ्या सीबीएसच्या हातून ते गेले. पण सामने घेतले तरी ते दाखवायला दमदार केंद्रं हवीत. मे १९९४ मध्ये फॉक्सने न्यू वर्ल्ड नावाच्या कंपनीत ५० कोटी डॉलर घातले आणि त्या कंपनीची बारा केंद्रं फॉक्सकडे वळली. त्यात आमचा दोन नंबर होता.

रविवार, ११ डिसेंबर १९९४. त्या दिवसापासून दोन नंबरवर फॉक्स. फॉक्सचे कार्यक्रम रात्री दहाला संपतात, सीबीएसचे अकराला. म्हणून दोन नंबरने दहाच्या बातम्या सुरू केल्या. शहरात कोणी विचारलं नव्हतं, की बाबांनो, तुम्ही जेवता कधी, झोपता कधी, दुसरी पाळी करून कारखान्यातून घरी येता कधी. हजारो मैलांवर कोणीतरी फुटबॉलचे हक्क घेतले आणि आमच्याकडच्या बातम्यांचं घड्याळ बदललं.

आणि सीबीएस? त्यांना डेट्रॉइटमध्ये कोणी घरात घेईना. चार नंबर एनबीसीचा, सात नंबर एबीसीचा, पन्नास नंबरही मिळेना. शेवटी त्यांनी बासष्ट नंबरचं लहानसं केंद्र २ कोटी ४० लाख डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं. सामन्यांच्या पैशापुढे ही रक्कम चिल्लर वाटावी अशी. पण जे विकलं जात होतं ते चिल्लर नव्हतं.

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात एक वयस्क काळे गृहस्थ रोज वर्तमानपत्र वाचायला यायचे, मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले. बासष्ट नंबर विकला जाणार ही बातमी त्यांनीच मला दाखवली. बोलताना त्यांचा आवाज जड झाला होता. ते केंद्र म्हणजे डब्ल्यूजीपीआर. २९ सप्टेंबर १९७५ ला सुरू झालेलं, अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं काळ्या लोकांच्या मालकीचं पहिलं टीव्ही केंद्र. विल्यम व्ही. बँक्स नावाच्या वकिलाने, जे धर्मोपदेशकही होते, 'मेसन' नावाच्या बंधुमंडळातल्या आपल्या काळ्या बांधवांच्या संघटनेमार्फत ते उभं केलं. 'बिग सिटी न्यूज' नावाच्या त्यांच्या स्वतःच्या बातम्या होत्या. काळी मुलं-मुली निवेदक म्हणून, कॅमेरामन म्हणून तिथे शिकून तयार झाली. तरुणांच्या नाचाचा 'द सीन' हा कार्यक्रम तर घराघरात पाहिला जायचा. बँक्स १९८५ मध्ये वारले. पुढे पैशाची ओढाताण झाली, बातम्याही बंद पडल्या. तरीही केंद्र आपलं होतं, असं ते गृहस्थ म्हणाले. 'आपलं' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

१९९५ मध्ये विक्री पुरी झाली आणि नाव झालं डब्ल्यूडब्ल्यूजे. रेडिओवरून बोलताना ही अक्षरं माझ्या जिवाला फार लागतात. कारण डब्ल्यूडब्ल्यूजे हे मूळ डेट्रॉइटच्या रेडिओ केंद्राचं नाव. २० ऑगस्ट १९२० ला सुरू झालेलं, जगातल्या अगदी पहिल्या रेडिओ केंद्रांपैकी एक, आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला त्याने निवडणुकीच्या बातम्या वाचून दाखवल्या होत्या. हे नाव त्याला पुढे १९२२ मध्ये मिळालं. ज्या केंद्राने १९२० मध्ये शहराला बातम्या दिल्या, त्याचं नाव आता अशा टीव्ही केंद्राला मिळालं जिथे स्थानिक बातम्याच नव्हत्या.

हो, नव्हत्याच. सीबीएसचा रात्रीचा कार्यक्रम अकराला संपायचा आणि ज्या वेळेला इतर केंद्रांवर शहर दिसायचं, त्या वेळेला बासष्टवर दुसरंच काही लागायचं. बातम्या करायच्या तर बातमीदार हवेत, कॅमेरे, गाड्या, हवामान सांगणारा माणूस हवा, आणि दोन, चार व सात नंबरने शहराचे डोळे आधीच धरून ठेवलेले. कंपनीला तो खर्च परवडेना. २००० मध्ये सीबीएसच वायाकॉम या मोठ्या माध्यम कंपनीकडे गेलं, पन्नास नंबरही त्यांचाच होता, म्हणून तिथल्या बातमीदारांकडून २००१ मध्ये बासष्टवर रात्री ११ च्या बातम्या सुरू करून पाहिल्या. २००२ संपता संपता त्या बंद. त्यानंतर वीस वर्षं अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या शहरात सीबीएसच्या स्वतःच्या मालकीच्या केंद्रावर हवामानाचा तुकडा आणि २००९ ते २०१२ मधला सकाळचा एक कार्यक्रम सोडला तर स्थानिक बातम्यांचं पूर्ण बातमीपत्र नाही! मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. हवेतून येणारी लहर ही सार्वजनिक मालमत्ता. ती वापरायला परवाना सरकार देतं, आणि देताना लोकहिताची अट घालतं. मग त्या लहरीवरून त्या शहराचंच काही सांगायचं नाही, हे कसं चालतं?

१४ ऑगस्ट २००३ ची दुपार मी विसरणार नाही. ईशान्य अमेरिकेची वीज गेली, त्यात डेट्रॉइट पुरतं अंधारात. नळाला पाणी नाही, सिग्नल बंद. टीव्ही म्हणजे काळी काच. आमच्या गल्लीत एकाच घरी सेलवरचा ट्रान्झिस्टर होता, तो त्यांनी बाहेर पायरीवर ठेवला आणि आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. पाणी उकळून प्या, हे आम्हाला त्या ट्रान्झिस्टरने सांगितलं. आमची मुलगी तेव्हा सात वर्षांची, ती म्हणाली, "आई, यात माणूस आहे का?"

जेफरसन अव्हेन्यूवर डब्ल्यूजीपीआरची जुनी इमारत अजून आहे. २०१७ मध्ये तिथे बँक्स यांच्या नावाने संग्रहालय सुरू झालं. मी भारतात परत यायच्या आधी मुलीला घेऊन मुद्दाम गेले होते. वाचनालयातले ते गृहस्थ तोवर नव्हते. असते तर बरोबर नेलं असतं.

मधल्या काळात बासष्टच्या मालक कंपनीच्या पाट्या बदलतच राहिल्या. सीबीएस, वेस्टिंगहाऊस, वायाकॉम, पुन्हा सीबीएस, पॅरामाउंट आणि ऑगस्ट २०२५ पासून पॅरामाउंट स्कायडान्स. पण ही शेवटची पाटी लागण्याआधीच, जानेवारी २०२३ मध्ये, सांगलीला मुलीचा फोन आला. ती अजून तिकडेच असते. म्हणाली, "आई, बासष्टवर बातम्या सुरू झाल्या. आपल्याकडच्या."

मी लगेच विचारलं, "किती वाजता?"

ती म्हणाली, "अगं, वेळ काय विचारतेस, फोनवर केव्हाही लाव."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आमच्याकडे संध्याकाळचे सात वाजत आले होते. मी कुकर लावायला उठले.

नमस्कार.